राहुटीतला उजेड

ज्येष्ठ सरत आला म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील सारे रस्ते जणू पंढरपूरकडे वळतात. आळंदीची पालखी माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव अशी मजल करीत येते. देहूची पालखी अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली या वाटेने येते. आणि शेगावची पालखी सोलापूर शहरातून निघून तिऱ्हे, कामती, मंगळवेढे या मार्गाने पंढरीस पोहोचते. या मोठ्या पालख्यांखेरीज लहानमोठ्या दिंड्या किती निघतात, त्यांची गणती करणे कठीण. कोणी चाळीस माणसांची, कोणी शंभरांची. खुद्द सोलापुरातील पेठापेठांतूनही माणसे पायी निघतात. सोलापूर ते पंढरपूर हे अंतर सत्तर किलोमीटरांच्या आसपास असल्यामुळे वाटेत तीन रात्रींचा मुक्काम केला, तर म्हाताऱ्यांनाही फारसा शीण न होता चौथ्या दिवशी पंढरपूर गाठता येते.

दिवसा दिंडीला उजेडाची चिंता नसते. चिंता सुरू होते ती दिवस मावळल्यावर. मुक्काम बहुधा गावाबाहेरच्या माळावर पडतो. राहुट्या उभारल्या जातात, चुली पेटतात, आणि थोड्याच वेळात चहूकडे काळोख दाटतो. त्या काळोखात स्वयंपाक करावयाचा असतो, पंगती बसवावयाच्या असतात, कीर्तन व्हावयाचे असते. रात्री कोणाला ताप आला, तर औषधाची बाटली नीट वाचून हाती घ्यावी लागते. पावसाळ्याचे दिवस, विंचूसाप बिळांतून बाहेर पडलेले. पहाटे चार वाजता स्नानासाठी निघणाऱ्या बायकांना पायाखाली काय आहे हे दिसलेच पाहिजे. पूर्वी हे काम कंदील आणि पेट्रोमॅक्सची बत्ती करीत असे. आता विजेचे दिवे करतात. परंतु माळावर विजेची तार नसते. म्हणून दिंडीच्या मालमोटारीत भांड्यांच्या व पिठाच्या पोत्यांच्या जोडीला दोन वस्तू चढतात. एक विद्युत्घट, ज्याला सर्वजण बॅटरी म्हणतात. आणि दुसरे पेट्रोलवर चालणारे लहान विद्युत्जनित्र, म्हणजेच जनरेटर. या दोघांची जोडी नीट जमली तर उजेड मिळतो. जमली नाही, तर दुसऱ्याच रात्री अंधार होतो, आणि कित्येक हजार रुपयांची बॅटरी एकाच वारीत निकामी होते.

बॅटरीत वीज ‘भरतात’ असे आपण सहज म्हणतो. त्यामुळे रांजणात पाणी भरावे तशी वीज आत जाऊन बसत असेल, असे वाटते. खरी गोष्ट निराळी आहे. मोटारीच्या बॅटरीत, किंवा दिंडीच्या मालमोटारीत ठेवतात त्या मोठ्या बॅटरीत, सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या दोन प्रकारच्या पट्ट्या विरल गंधकाम्लात बुडवून ठेवलेल्या असतात. एका प्रकारच्या पट्टीवर शिशाचे तपकिरी रंगाचे डायॉक्साइड असते. दुसरीवर सच्छिद्र, स्पंजासारखे शुद्ध शिसे असते. दिवा लावला की दोन्ही पट्ट्यांवर रासायनिक क्रिया सुरू होते. गंधकाम्लाचा अंश पट्ट्यांत शिरतो आणि दोहोंवर शिशाचे सल्फेट तयार होऊ लागते. या क्रियेतून वीज बाहेर पडते. बाहेरून उलट दिशेने वीज सोडली, की ही क्रिया उलटी फिरते. सल्फेटाचे पुन्हा शिसे व डायॉक्साइड होते, आणि अम्ल द्रवात परत येते. यालाच प्रभारण म्हणतात. प्रत्येक कप्पा सुमारे २ व्होल्ट दाब देतो. म्हणून सहा कप्प्यांची बॅटरी १२ व्होल्टची.

अशा प्रकारचा पहिला घट गॅस्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने इ. स. १८५९ मध्ये बनविला. शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड, त्यांची गुंडाळी करून अम्लात बुडविलेली, एवढाच त्याचा थाट होता. घट तर झाला. पण तो भारित करावयास वीज कोठून आणावयाची? त्या काळी हाताशी असलेले साधे रासायनिक घट वापरूनच प्लान्तेला आपला नवा घट भारित करावा लागे. म्हणजे एका भांड्यातले दुसऱ्यात ओतण्यासारखेच ते होते. विद्युत्जनित्राचे तत्त्व मायकेल फॅरडे याने इ. स. १८३१ मध्येच दाखवून दिले होते. चुंबक व तारेचे वेटोळे यांपैकी एक दुसऱ्याजवळ हलविले, की तारेत वीज निर्माण होते, हे ते तत्त्व. परंतु त्यावरून रोजच्या कामाचे यंत्र घडावयास १८७० च्या पुढचा काळ उजाडावा लागला. इ. स. १८८१ मध्ये कामिय फोर या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थाने पट्ट्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची युक्ती काढली, आणि घटाची धारणशक्ती पुष्कळ वाढली. जनित्र आणि घट यांची गाठ पडली ती अशी. दिंडीच्या मालमोटारीत शेजारीशेजारी बसलेली ही दोन यंत्रे एकमेकांची जुनी सोबती आहेत.

महाराष्ट्रातील खेड्यांनाही हा घट नवा नव्हे. इ. स. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम होऊ लागले आणि सुमारे दीडशे गावांतून ते ऐकण्यासाठी मंडळे स्थापन झाली. ज्या गावी वीज पोहोचली नव्हती, तेथे रेडिओ घटावर चाले. घट उतरला म्हणजे रेडिओ मुका होई.

आता दिंडीच्या एका रात्रीचा हिशेब मांडून पाहू. समजा, भवानी पेठेतून शंभर माणसांची दिंडी निघाली आहे. तिच्याजवळ ९ वॅटांचे दहा दिवे आहेत आणि ते रोज पाच तास लागतात. ९ × १० × ५ म्हणजे ४५० वॅट-तास. चाळीस जणांजवळ भ्रमणध्वनी आहेत. प्रत्येकास भारित व्हावयास सुमारे १५ वॅट-तास लागतात, म्हणजे ६०० वॅट-तास. कीर्तनाचा ध्वनिवर्धक ६० वॅट घेतो व तीन तास चालतो. ते झाले १८०. एकूण बेरीज १,२३०. बॅटरी १२ व्होल्टची. म्हणून १,२३० ला १२ ने भागले, की सुमारे १०२ येतात. याला अँपिअर-तास म्हणतात, आणि बॅटरीची धारणशक्ती याच मापाने तिच्या अंगावर लिहिलेली असते. या हिशेबातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सर्वांत अधिक वीज दिव्यांना लागत नाही, कीर्तनालाही लागत नाही. ती खिशातल्या यंत्रांना लागते!

१०२ अँपिअर-तास हवेत, तर १५० ची एक बॅटरी पुरे झाली, असे कोणालाही वाटेल. येथेच नवखा मनुष्य फसतो. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू देऊ नये, असा जाणत्यांचा नियम आहे. जितकी ती खोल उतरेल, तितके तिचे आयुष्य घटते. आणि उतरलेली बॅटरी तशीच पडू दिली, तर पट्ट्यांवरच्या सल्फेटाचे बारीक कण एकमेकांस बिलगून कठीण स्फटिक बनतात. असे स्फटिक एकदा बनले की बाहेरून कितीही वीज सोडा, त्यांचे पुन्हा शिसे होत नाही. पट्टीचा तेवढा भाग कायमचा मेला. पाहणाऱ्याला बॅटरी जशीच्या तशी दिसते. मात्र दिवा लावल्यावर ती तासाभरात मान टाकते. म्हणून शहाणी दिंडी १५० च्या दोन बॅटऱ्या शेजारीशेजारी जोडून नेते. धारणशक्ती झाली ३००, आणि रोजचा खर्च तिच्या एक तृतीयांश.

मग बॅटरीची ही यातायात तरी कशाला? जनित्रच रात्रभर चालू ठेवले तर? दहा दिव्यांना लागतात अवघे ९० वॅट. एवढ्याशा कामासाठी हजार वॅटांचे यंत्र चालविणे म्हणजे वाटीभर डाळ आणावयास बैलगाडी जुंपणे होय. यंत्रावर भार थोडा असला, तरी ते स्वतःच्या फिरण्यापुरते पेट्रोल जाळतेच. शिवाय त्याचा आवाज! वीस किलोमीटर चालून आलेल्या माणसांना रात्रभर त्याच्या घरघरीत निजावयास सांगणे अन्यायाचे आहे. सूर्यप्रकाशापासून वीज बनविणारे तक्ते मालमोटारीच्या टपावर बसविता येतात, आणि सोलापुरात वर्षातील बहुतेक महिने ऊन कडक असते. पण वारी येते ती आषाढात. आभाळ भरलेले असले, की तक्त्यांची वीज फार कमी होते. ते मिळेल तेवढी भर घालतात. पण त्यांच्यावर सर्वस्वी विसंबून चालत नाही. म्हणून रीत अशी, की मुक्कामावर पोहोचल्यावर संध्याकाळी, स्वयंपाकाच्या गडबडीत, काही तास जनित्र चालवावयाचे. बॅटऱ्या भारित करून घ्यावयाच्या. आणि माणसे निजण्यापूर्वी यंत्र बंद करावयाचे.

पुष्कळशा लहान जनित्रांवर दोन प्रकारची छिद्रे असतात. एकातून घरातल्यासारखी २३० व्होल्टची वीज मिळते. दुसऱ्यावर १२ व्होल्ट असे लिहिलेले असते. बॅटरीही १२ व्होल्टचीच. तेव्हा दुसऱ्या छिद्रातून दोन तारा काढून सरळ बॅटरीला जोडाव्यात, हे अगदी स्वाभाविक वाटते. पण या छिद्रातून साधारणपणे ८ अँपिअरच्या आसपासच प्रवाह मिळतो. १०२ अँपिअर-तास भरून काढावयाचे, तर जनित्र तेरा तास चालले पाहिजे. संध्याकाळी सहाला सुरू केले, तर ते सकाळी सातला बंद होणार. तोवर दिंडी पुढच्या गावच्या वाटेला लागलेली असते. शिवाय बहुधा या मार्गावर प्रवाहाला आवर घालणारे कोणतेही साधन नसते. बॅटरी भरत आली हे जनित्राला कळत नाही. कोणी लक्ष ठेवले नाही, तर भरलेल्या बॅटरीतही वीज शिरत राहते आणि आतले पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येऊन आटते.

दुसरा मार्ग वरवर पाहता लांबचा, पण खरा जवळचा. जनित्राच्या २३० व्होल्टच्या छिद्राला एक प्रभारक, म्हणजे चार्जर, जोडावयाचा आणि त्याच्या तारा बॅटरीस लावावयाच्या. प्रभारक दोन कामे करतो. २३० व्होल्टचा दाब तो खाली आणतो. आणि जनित्राचा प्रत्यावर्ती प्रवाह, जो सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे हेलकावे घेतो, तो एकदिश करतो. पुढेमागे हेलकावणारा प्रवाह बॅटरीच्या कामाचा नाही. एका हाताने दिलेले तो दुसऱ्या हाताने काढून घेईल. प्रभारक किती मोठा असावा? धारणशक्तीच्या एक दशांश, हे जुने व सुरक्षित माप. ३०० ला ३० अँपिअर. यासाठी जनित्रावर पाचशे-साडेपाचशे वॅटांचा भार पडतो, आणि लहान यंत्र तो सहज पेलते. आठ अँपिअरचे काम तीस अँपिअरने सुमारे साडेतीन तासांत उरकते. अशा यंत्राला तासाला अर्धा लिटर पेट्रोल धरले, तर पावणेदोन लिटरांत भागते. तेरा तासांच्या मार्गाला, भार हलका असूनही, पाच लिटरांच्या घरात पेट्रोल जाळावे लागते. यंत्र एकच, बॅटऱ्या त्याच. फरक पडला तो कोणत्या छिद्रातून तार काढली एवढ्याने.

तारेचीही एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण तीत मोठी गंमत आहे. जनित्र राहुट्यांपासून दूर ठेवावे लागते. त्याचे कारण पुढे येईल. मग लांब तार कोठे वापरावयाची, जनित्र आणि प्रभारक यांच्यामध्ये, की प्रभारक आणि बॅटरी यांच्यामध्ये? घरात वापरतात तशी अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची दहा मीटर तार घेऊ. जाण्याची व येण्याची मिळून ती वीस मीटर होते. या तारेतून ३० अँपिअर नेले, तर वाटेतच चार व्होल्टांहून अधिक दाब खर्ची पडतो. प्रभारकातून चौदा व्होल्ट निघाले, तर बॅटरीच्या दाराशी दहाच पोहोचतात. आणि १२ व्होल्टच्या बॅटरीत दहा व्होल्टांनी वीज शिरणार कशी? खालच्या टाकीतले पाणी वरच्या टाकीत आपोआप चढत नाही, तसेच हे. तार मात्र गरम होत राहते. पण तीच तार २३० व्होल्टच्या बाजूस वापरली, तर तीतून जेमतेम अडीच-तीन अँपिअर वाहतात, आणि दाबाची घट अर्ध्या व्होल्टाच्याही आत राहते. २३० पैकी अर्धा व्होल्ट गेला काय आणि राहिला काय! म्हणून जनित्र दूर, तार लांब, आणि प्रभारक बॅटरीच्या अगदी शेजारी, अशी मांडणी करतात. गावागावांत वीज नेणाऱ्या मोठ्या तारांतील दाब हजारो व्होल्टांचा का असतो, त्याचेही उत्तर यातच आहे.

बॅटरी सुरुवातीला भराभर वीज घेते आणि शेवटी शेवटी फार रेंगाळते. पंगतीचे उदाहरण घ्यावे. पाने मांडली, की पहिली माणसे येतील तशी बसतात. जागा शोधावी लागत नाही. पंगत बहुतेक भरली, की शेवटच्या दहा जणांसाठी इकडे सरका, तिकडे सरका असे करीत जागा काढावी लागते, आणि त्यालाच सर्वांत अधिक वेळ जातो. पट्ट्यांवर सल्फेट पुष्कळ असते, तोवर प्रवाह सहज शिरतो. बॅटरी शेकडा ८५ च्या आसपास भरली, की तिचा दाब सुमारे १४.४ व्होल्टांपर्यंत चढतो. त्यानंतर चांगला प्रभारक दाब तेथेच धरून ठेवतो आणि प्रवाह हळूहळू उतरत जातो. उरलेले शेकडा १५ भरावयास चार-पाच तासही लागतात. त्या वेळी जनित्र चालविणे म्हणजे पुन्हा थोड्या कामासाठी पुष्कळ पेट्रोल. म्हणून वाटेतल्या मुक्कामांवर शंभर टक्क्यांचा हट्ट धरीत नाहीत. घरून निघताना बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या असतात. पहिल्या रात्री त्या ६६ वर येतात. दुसऱ्या संध्याकाळी दोन तासांत ८५ पर्यंत चढतात. रात्री ५१ वर उतरतात. तिसऱ्या संध्याकाळी साडेतीन तासांत पुन्हा ८५. निम्म्याची मर्यादा कोठेही ओलांडली जात नाही. मात्र हा क्रम आठवडेच्या आठवडे चालविता येत नाही. न भरलेल्या शेवटच्या भागात सल्फेट राहूनच जाते, आणि ते कठीण होण्याची भीती असते. तेव्हा लांबच्या दिंडीने दर काही दिवसांनी एखाद्या गावात थांबून तारेवरच्या विजेने बॅटऱ्या पूर्ण भरून घ्याव्यात हे बरे.

जनित्र राहुट्यांपासून दूर ठेवण्याचे कारण त्याच्या धुरात आहे. पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासावाटे तो रक्तात शिरला, की रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्यालाच तो घट्ट चिकटतो, आणि शरीराची प्राणवायूवाचून उपासमार होते. डोके दुखू लागते, मळमळते, ग्लानी येते. आणि निजलेल्या माणसाला तर यातले काहीच कळत नाही. जगात अशा रीतीने दरवर्षी माणसे प्राणास मुकतात, आणि त्यांतील पुष्कळांनी यंत्र केवळ पावसापासून वाचविण्यासाठी आडोशाला घेतलेले असते. पाऊस आला तर जनित्र बंद करावे, पण ते राहुटीत किंवा तिच्या दाराशी कधीही आणू नये. निदान वीस फुटांचे अंतर असावे. अधिक असले तर उत्तम. आणि वारा राहुट्यांकडून जनित्राकडे वाहत असावा, उलट नव्हे. यंत्र तापलेले असताना त्यात पेट्रोल ओतणे हा दुसरा अपराध. ओल्या हातांनी २३० व्होल्टच्या तारेला शिवणे हा तिसरा. ही कामे मोठ्या माणसांचीच. मुलांनी दूर उभे राहून पाहावे.

बॅटरीही अगदी निरुपद्रवी नसते. ती भरत आली, की आतल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू निघतात. बंद जागेत ते साचले, तर एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून बॅटरी उघड्यावर, हवा खेळती असेल तेथे ठेवतात. तिच्याजवळ विडीकाडी ओढीत नाहीत. प्रथम चिमटे लावून मग प्रभारक चालू करतात, आणि काढताना आधी प्रभारक बंद करून मग चिमटे सोडवतात. धनाला धन आणि ऋणाला ऋण, हे दोनदा पाहून घ्यावे. आतले अम्ल कापडाला जाळते व कातडीलाही. अंगावर उडाले तर तत्काळ भरपूर पाण्याने धुवावे. पाणी आटलेले दिसले, तर त्यात अम्ल घालावयाचे नसते, विहिरीचे पाणीही नव्हे. फक्त ऊर्ध्वपातित पाणी, आणि तेही पट्ट्या बुडतील इतकेच.

बॅटरी किती भरली, हे बाहेरून दिसत नाही. पण ओळखण्याची युक्ती सोपी आहे. बॅटरी भरते तसे अम्ल पट्ट्यांतून द्रवात येते, आणि अम्ल पाण्याहून जड असल्यामुळे द्रवही जड होतो. हायड्रोमीटर नावाच्या काचेच्या नळीत थोडा द्रव ओढून घेतला, की तीतला तरंगणारा काटा हे जडपण दाखवितो. काटा १.२५ च्या आसपास असला तर बॅटरी भरलेली; १.१२ च्या जवळ आला तर रिकामी. पंढरपुरास पोहोचल्यावर दिंडी मठात किंवा धर्मशाळेत उतरते, तेथे विजेची तार असते. जनित्र मालमोटारीतच राहते. प्रभारक भिंतीतल्या छिद्राला जोडून बॅटऱ्या रात्रभर तशाच ठेवतात. आणि एकादशीच्या पहाटे कोणी तरी जाणता मनुष्य सहाही कप्प्यांत नळी बुडवून पाहतो. पाच कप्प्यांत काटा सारखा आणि सहाव्यात खाली दिसला, तर तो कप्पा आजारी आहे असे समजून त्याची नोंद वहीत करतो, म्हणजे सोलापुरास परतल्यावर दुकानदाराला नेमके काय दाखवावयाचे ते ठाऊक असते.